यूपीआरला आपला रिपोर्ट कसा पाठवायचा: छोट्या संस्था-संघटनांसाठी, अगदी पहिल्यापासून

मागच्या महिन्यात तालुक्याच्या एका छोट्या संघटनेतल्या दोन मुलींचा फोन आला, ताई ते यूएनला रिपोर्ट पाठवतात तसा आपल्याला पाठवता येतो का, का ते दिल्लीच्या मोठ्या संस्थांचंच काम असतं? येतो. तुमच्याकडे लेटरहेड, एक ईमेल आयडी आणि स्वतः गोळा केलेली खरी माहिती एवढं असलं तरी येतो. फोनवर सगळं सांगणं होईना म्हणून लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता वाटलं की हे बाकीच्यांच्याही उपयोगाचं आहे.

आधी यूपीआर म्हणजे काय ते. युनिव्हर्सल पीरियॉडिक रिव्ह्यू. २००६ साली यूएनने मानवाधिकार परिषद नव्याने बनवली तेव्हाच ठरलं की सगळ्याच्या सगळ्या सदस्य देशांचा (आज ते १९३ आहेत) मानवी हक्कांचा हिशोब पाळीपाळीने घ्यायचा, छोटा देश मोठा देश असा भेद नाही. २००८ पासून हे चालू आहे आणि एका देशाची पाळी साधारण साडेचार-पाच वर्षांनी येते. हे कोर्ट नाही, समोर जज बसलेला नसतो. जिनिव्हात साडेतीन तासांची बैठक असते, आपलं सरकार समोर बसतं आणि बाकीचे देश एकेक करून बोलतात, प्रश्न विचारतात, शिफारशी करतात. भारताचं असं चार वेळा झालंय, एप्रिल २००८, मे २०१२, मे २०१७ आणि नोव्हेंबर २०२२. पहिल्या वेळी शिफारशी होत्या १८. दुसऱ्या वेळी १६९, तिसऱ्या वेळी २५०, आणि २०२२ ला १३० देशांनी मिळून ३३९ शिफारशी केल्या, त्यातल्या २२१ भारताने स्वीकारल्या. हा २२१ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

आता खरं तेही सांगते. शिफारस पाळली नाही म्हणून सरकारला दंड होत नाही. छळविरोधी कराराचंच बघा, भारताने १९९७ ला सही केली, ती पक्की करा असं प्रत्येक रिव्ह्यूत देश सांगत आलेत, २०१० ला लोकसभेत छळविरोधी विधेयक पास झालं, राज्यसभेच्या समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं, २०१७ ला लॉ कमिशनने २७३ व्या अहवालात नवीन मसुदा दिला, आणि करार अजून पक्का केलेला नाहीये. मग कशाला करायचं, असं तुम्ही विचाराल. मी करते ते यासाठी की सरकार जगासमोर "हो, हे करू" म्हणतं ते लिहून राहतं, आणि ते लिहिलेलं घेऊन आपल्याला कलेक्टर ऑफिसात, मंत्रालयात, कोर्टात जाता येतं. जिनिव्हातल्या बैठकीला मी एवढ्यासाठीच किंमत देते की तिथून परत आणायला एक कागद मिळतो.

सगळ्यात आधी तारीख

बहुतेक लोक इथंच चुकतात. रिव्ह्यू ज्या महिन्यात आहे त्याच्या सात-आठ महिने आधी संस्थांच्या रिपोर्टची मुदत संपते. नोव्हेंबर २०२२ च्या रिव्ह्यूसाठी आपल्याला मार्च २०२२ अखेरपर्यंत पाठवायचं होतं. पेपरात बातमी येते ती रिव्ह्यूच्या दिवशी, तेव्हा जागे झालात तर पुढची पाळी थेट चार-पाच वर्षांनी. यूएनच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाच्या, म्हणजे ओएचसीएचआरच्या वेबसाईटवर यूपीआरचं कॅलेंडर असतं, ते दर दोन महिन्यांनी उघडून बघायचं आणि ज्या दिवशी भारताची मुदत दिसेल त्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर लिहून टाकायची. तारखा पुढंमागं होतात, म्हणून एकदा बघून सोडून द्यायचं नाही. मुदतीच्या आधी निदान सहा महिने काम सुरू केलेलं बरं, एक वर्ष असेल तर उत्तमच.

विषय एकच घ्या

नवीन गटाला वाटतं आपण दलित अत्याचार पण लिहू, पाणी पण लिहू, शाळा पण, रेशन पण. कळकळ मला कळते, पण असं करू नका. संस्थांचे जेवढे रिपोर्ट येतात त्या सगळ्यांचा मिळून ओएचसीएचआर एकच छोटा गोषवारा बनवतं, त्यात तुमच्या वाट्याला एखादं-दुसरं वाक्य येतं. वीस विषय लिहिले तर त्यातलं कोणतं वाक्य उचललं जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. एक विषय, फार तर दोन, आणि तोच जो तुम्ही रोज डोळ्यांनी बघता.

मी इथं सगळीकडे ऊसतोड बायांचं उदाहरण घेते कारण ते मला जवळचं आहे आणि मराठवाड्यातल्या लोकांना फार समजवावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, दिवाळीच्या पुढंमागं गाव सोडायचं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, उसाच्या फडात. एक दिवस आजारी पडलं की खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर अंगावर पैसे चढणार. पाळीच्या दिवसातही मोळी डोक्यावर, कोपीला, म्हणजे राहायच्या झोपडीला, संडास नाही, पाणी लांब. मग पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की पिशवी काढायचा सल्ला. २०१९ ला हे प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा विधानपरिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साधारण सहातली एक.

बघा, हा विषय किती नेमका आहे. कोण, कुठं, काय झालं, सरकारचाच आकडा काय, सगळं एका परिच्छेदात बसतं. तुमचा विषय असा एका परिच्छेदात बसतो का ते आधी कागदावर लिहून बघा, बसत नसेल तर अजून थोडा छोटा करा.

आणि तो विषय कोणत्या वचनाला धरून आहे तेही शोधायचं, कारण यूपीआरमध्ये नुसतं "अन्याय होतोय" चालत नाही, देशाने जे मान्य केलंय त्याच्याशी जोडावं लागतं. यूएनची सनद, १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, देशाने मान्य केलेले करार, आणि देशाने स्वतःहून दिलेली वचनं, हा तो पाया. (जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात "सगळे पुरुष" असा अर्थ निघणारे शब्द होते ते बदलून "सगळी माणसं" असे शब्द यावेत म्हणून भांडल्या त्या आपल्या हंसा मेहता, मुंबईच्या विधिमंडळात बसलेल्या बाई. मला हे आठवलं की बरं वाटतं.) ऊसतोड बायांसाठी सीडॉ, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार आहे, भारताने तो १९९३ ला पक्का केला, त्यात कलम १२ आरोग्याचं आणि कलम १४ ग्रामीण स्त्रियांचं. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारात, ज्यात भारत १९७९ पासून आहे, कलम ७ कामाच्या ठिकाणच्या न्याय्य परिस्थितीबद्दल आणि कलम १२ परत आरोग्याबद्दल. एवढं पुरतं, कलमांची रांग लावायची गरज नाही.

जाता जाता, या करारांच्या वेगळ्या कमिट्या असतात आणि तिथंही संस्थांचे रिपोर्ट जातात, त्याला शॅडो रिपोर्ट म्हणतात. तिथं तज्ज्ञ खोलात शिरून विचारतात हे चांगलं, पण पाळी कधी येईल त्याचा भरवसा नाही. नागरी-राजकीय हक्कांच्या कमिटीसमोर भारत २०२४ च्या जुलैत उभा राहिला, त्याच्या आधीची वेळ १९९७ ची होती. यूपीआर ठरलेल्या फेऱ्यांनी येतो, म्हणून नवीन माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे.

माहिती गोळा करणं, आणि ती कोणाची आहे हे न विसरणं

दुसऱ्यांच्या रिपोर्टमधलं उचलून लिहिलेलं तिथं कोणाच्या कामाचं नसतं, ते मूळ रिपोर्ट त्यांच्याकडे असतातच. तुमच्याकडे काय असतं जे दिल्लीत नसतं? गाव असतं. म्हणून सरकारी आकडा एक बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला तुमची स्वतःची माहिती, पन्नास जणींची का असेना, पण तारीख, गाव, वय, दवाखाना सरकारी का खाजगी, आधी सोनोग्राफी झाली का, दुसऱ्या डॉक्टरला विचारलं का, खर्च किती, तो कुठून आणला, असं सगळ्यांना एकसारखं विचारून लिहिलेलं. एकसारखं म्हणजे एकच छापील कागद सगळ्या कार्यकर्त्यांनी वापरायचा, नाहीतर नंतर बेरीज होत नाही.

माहिती अधिकाराचे अर्ज आत्ताच टाकून ठेवा, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, कामगार आयुक्त, सगळीकडे. उत्तर आलं तर आकडा मिळाला, "माहिती उपलब्ध नाही" असं आलं तर तेही तारखेसकट रिपोर्टमध्ये जातं, सरकार हा आकडा ठेवतच नाही हीसुद्धा माहितीच आहे.

एक प्रसंग सांगते. कारखान्याच्या मागं कोप्या होत्या, संध्याकाळची वेळ, एक बाई भाकरी थापत थापत बोलत होती, वय पस्तिशीच्या आत. ती उठली, पत्र्याच्या पेटीतून कॅरीबॅग काढली, त्यात रेशनकार्ड, आधार, पोरांच्या शाळेचे दाखले आणि एका दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, घडीवर फाटलेलं. म्हणाली पिशवी सडली होती, नाही काढली तर कॅन्सर होईल म्हणले. कार्डावर आजाराच्या रकान्यात इंग्रजीत दोन शब्द होते, नुसतं अंगावर जास्त जाण्याबद्दलचे, कॅन्सरचं काहीच नव्हतं. मी ते तिला मराठीत वाचून दाखवलं. चार वर्षं ते कार्ड तिच्या पेटीत होतं आणि तिला ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं. ती पीठ लागलेले हात तसेच धरून बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली हे लिहा तुमच्या कागदात, पण माझं नाव नको, मुकादम पुढच्या साली उचल देणार नाही.

नावाचं हे फार महत्त्वाचं आहे म्हणून नीट वाचा. यूपीआरला पाठवलेला रिपोर्ट गुप्त राहत नाही, तो तुमच्या संस्थेच्या नावासकट ओएचसीएचआरच्या वेबसाईटवर जातो, मुकादम वाचू शकतो, कारखाना वाचू शकतो, सरकार तर वाचतंच. म्हणून बाईचं नाव नाही, गाव नाही, दवाखान्याचं नाव नाही, ती ओळखू येईल असं काहीच नाही. "बीड जिल्ह्यातली ३४ वर्षांची ऊसतोड कामगार" एवढं बास. आणि विचारायचं दोनदा, एकदा माहिती घेताना आणि एकदा रिपोर्ट पाठवायच्या आधी, तुमचं असं असं लिहिलंय, जाऊ दे का. पहिल्यांदा हो म्हणालेली बाई दुसऱ्यांदा नको म्हणू शकते, मग काढून टाकायचं, कितीही चांगला पुरावा असला तरी. संस्थेतल्या लोकांनीही बसून बोलून घ्या की आपलं नाव जाणार आहे, कोणाला भीती वाटते का. असा रिपोर्ट पाठवला म्हणून कोणाला त्रास झाला तर यूएनकडे त्याची तक्रार करता येते, महासचिव दरवर्षी त्याचा अहवालही काढतात, पण जिनिव्हाची तक्रार तालुक्यात लगेच संरक्षण देत नाही, तेव्हा जवळचा एखादा वकील आधीच माहीत असू द्या.

एकटे का मिळून

दोन्ही चालतं. एका संस्थेचा रिपोर्ट असेल तर २,८१५ शब्दांची मर्यादा, दोन किंवा जास्त संस्था मिळून जॉइंट सबमिशन केलं तर ५,६३०. स्वतःचा एक पाठवून शिवाय जॉइंटमध्येही सही करता येते. पहिल्यांदा करणाऱ्यांना मी म्हणते, मिळून करा. देशपातळीवर वर्किंग ग्रुप ऑन ह्यूमन राइट्स इन इंडिया अँड द यूएन नावाची एक आघाडी २००९ पासून होती, मिलून कोठारी त्याचे संयोजक, त्यांनी दुसऱ्या रिव्ह्यूच्या वेळी कितीतरी संस्थांची माहिती एकत्र केली, त्यांचे जुने रिपोर्ट नमुना म्हणून वाचा. पण फक्त मोठ्यांच्या कागदावर सही करून मोकळं होऊ नका, तिथं तुमचा तालुका एका ओळीचा होतो. तीन-चार जिल्ह्यांतल्या एकाच विषयावरच्या संघटना मिळून केलेलं जॉइंट सबमिशन मला सगळ्यात चांगलं वाटतं. बीडची माहिती, परभणी-जालन्याची माहिती, आणि जिथं ऊस तोडायला जातात त्या कोल्हापूर-सांगलीकडची एखादी संघटना. निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण दोन्ही एका कागदात आले की मग कोणी म्हणू शकत नाही की ही आमची जबाबदारी नाही.

इकोसॉक दर्जा, म्हणजे यूएनच्या आर्थिक-सामाजिक परिषदेने संस्थेला दिलेला सल्लागार दर्जा, पाहिजे असं कोणीतरी सांगून घाबरवतं. रिपोर्ट पाठवायला तो अजिबात लागत नाही. तो लागतो मानवाधिकार परिषदेत उभं राहून बोलायला, ते पुढं सांगते.

लिहायचं कसं

मराठीत पाठवता येत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं, पण यूएनच्याच भाषेत पाठवावं लागतं, आपल्यासाठी इंग्रजी. तरी आधी पूर्ण मराठीत लिहा. ज्यांची माहिती आहे त्यांना वाचून दाखवता येतं, चुका तिथंच कळतात, आणि मग कॉलेजातल्या कोणा इंग्रजीच्या मॅडमला धरून साध्या इंग्रजीत करून घ्या. अवघड इंग्रजीची काही गरज नाही, वाचणाऱ्यांतल्या अनेकांचीही ती मातृभाषा नसते.

पहिल्या परिच्छेदात आम्ही कोण, कधीपासून, कुठं काम करतो, माहिती कशी गोळा केली. त्यानंतर लगेच मागच्या वेळचा हिशोब, आणि नवीन लोक हेच विसरतात. मागच्या रिव्ह्यूत भारताने या विषयाजवळच्या कोणत्या शिफारशी स्वीकारल्या आणि त्यांचं काय झालं. ओएचसीएचआरच्या भारताच्या पानावर सगळ्या शिफारशींचा तक्ता मिळतो, विषयवार, कोणत्या देशाने केली आणि भारत काय म्हणाला त्यासकट. तो डाउनलोड करून त्यात आरोग्य, महिला, कामगार हे शब्द शोधा, चार-पाच सापडतातच. आता सगळा भर मागच्या वचनांचं काय झालं यावरच असतो, त्यामुळे "तुम्ही हे स्वीकारलं होतं, आमच्या जिल्ह्यात ते असं दिसतं" ही मांडणी सगळ्यात चालते.

मग प्रश्न, मग पुरावा, मग शिफारशी. परिच्छेदांना नंबर, पानांना नंबर, वर्ड फाईल. फोटो जोडायचे नाहीत, नकाशे नाहीत, संस्थेचा वार्षिक अहवाल तर नाहीच. संदर्भ शेवटी टिपांमध्ये द्या, ते शब्दमर्यादेत धरत नाहीत, पण मुख्य मुद्दा टिपेत लपवू नका कारण तिथपर्यंत कोणी जात नाही. शिव्याशाप नकोत, राग असला तरी भाषा सरळ ठेवायची. शब्दमर्यादा ओलांडली तर रिपोर्ट घेत नाहीत, त्यामुळे शेवटी शब्द कापायची रात्र येतेच. त्या रात्री मी एक करते, आधी विशेषणं काढते, मग कायद्यांची लांबलचक नावं, बायांनी सांगितलेलं मात्र शेवटपर्यंत ठेवते. मर्यादा आणि नियम पुढच्या वेळी बदललेले असू शकतात, म्हणून पाठवायच्या आधी वेबसाईटवरच्या ताज्या सूचना वाचून घ्या.

आता शिफारस. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, बाकी रिपोर्ट दोन आठवड्यांत झाला तरी चालेल. "सरकारने महिलांच्या हक्कांचं रक्षण करावं", ही शिफारस कोणीही स्वीकारेल आणि कोणीही काही करणार नाही, कारण ती पाळली का नाही हे तपासताच येत नाही. तिच्या जागी असं लिहा: ऊसतोडीसारख्या स्थलांतरित कामावरच्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या सगळ्या शस्त्रक्रियांची, खाजगी दवाखान्यातल्या धरून, जिल्हा पातळीवर नोंद आणि तपासणी दोन वर्षांत सुरू करा. यात कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, सगळं आहे. आणि घरच्याच एखाद्या गोष्टीला ती बांधा. एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टाने गरज नसताना गर्भाशय काढण्याच्या प्रकरणात राज्यांना सांगितलं की केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा. मग आपली शिफारस "त्या सूचना ऊसतोडीच्या जिल्ह्यांत लागू झाल्या का ते तपासून जाहीर करा" अशी केली की कोणाला ती बाहेरून लादलेली म्हणता येत नाही. पाच-सहा शिफारशी पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येक एका वाक्यात. दुसऱ्या देशाच्या माणसाला ती जशीच्या तशी उचलून वाचता आली पाहिजे.

पाठवायचं ते ओएचसीएचआरच्या ऑनलाइन सिस्टिममधून, आधी नाव नोंदवून. ईमेलने नाही. शेवटच्या दिवशी सिस्टिम हळू चालते आणि आपल्याकडे लाईट जाते, म्हणून तीन दिवस आधी. मिळाल्याची पोच जपून ठेवा.

पाठवून झालं की अर्धंच झालं

इथं बहुतेक संस्था थांबतात. रिपोर्ट पाठवला, फेसबुकवर टाकला, झालं. पण शिफारशी करतात देश, आणि देशांना तुमचा रिपोर्ट वाचायला वेळ नसतो. २०२२ ला १३० देश बोलले आणि देशांना मिळून वेळ होता १४० मिनिटं, म्हणजे एकेकाला जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात सरासरी दोन-तीन शिफारशी. त्यातली एक तुमची व्हायची असेल तर दोन-तीन महिने आधी ती त्यांच्या टेबलावर पोचली पाहिजे.

त्यासाठी एक पान करा. फक्त एक. वर विषय, मग दोन आकडे, एका बाईचं दोन ओळींत सांगणं, भारताने आधी काय स्वीकारलं होतं, आणि खाली दोन तयार शिफारशी. मग देश निवडा, सगळ्यांना पाठवू नका. मागच्या तक्त्यात बघा महिलांच्या आरोग्यावर किंवा कामगारांवर भारताला कोण बोललं होतं, तेच परत बोलायची शक्यता जास्त. असे दहा देश काढून त्यांच्या दिल्लीतल्या वकिलातींना ईमेल करा, भेटीची वेळ मागा, ऑनलाइन भेटतात, मुंबईत कॉन्सुलेट आहेत तिथंही पत्र द्या. फक्त युरोपच्या मागे लागू नका. लॅटिन अमेरिकेचे, आफ्रिकेचे, आपल्या शेजारचे देशही शिफारशी करतात, आणि ज्यांच्याकडे स्वतः शेतमजूर बाया आहेत त्या देशाच्या माणसाला हा विषय लगेच कळतो. यूपीआर इन्फो नावाची जिनिव्हातली संस्था रिव्ह्यूच्या आधी प्री-सेशन भरवते, तिथं निवडक संस्थांना देशांच्या प्रतिनिधींसमोर बोलता येतं, त्याचे अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेवा.

जिनिव्हाला जायलाच पाहिजे का? नाही. खर्च फार आहे, व्हिसाची धावपळ आहे, आणि दिल्लीतल्या दोन चांगल्या भेटींनी तेवढंच काम होऊ शकतं. बाहेरची कोणती संस्था तिकीट-राहण्याचा खर्च देते म्हणाली तर हो म्हणण्याआधी तुमच्या सीएला विचारा, एफसीआरए, म्हणजे परदेशी पैशांबद्दलचा कायदा, २०२० नंतर अजून कडक झालाय आणि एका तिकिटापायी अख्खी संस्था अडचणीत यायला नको.

याच काळात घरच्या सरकारशीही बोला. देशाचा रिपोर्ट परराष्ट्र मंत्रालयातून जातो, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्वतःचा वेगळा रिपोर्ट पाठवतो. दोघांनाही तुमच्या रिपोर्टची प्रत पाठवा. चोरून काही केलेलं नाही हे दिसतंही आणि कधीकधी आयोगाच्या रिपोर्टमध्ये तुमचा मुद्दा जातो.

रिव्ह्यूचा दिवस आणि त्यानंतर

त्या साडेतीन तासांत संस्थांना बोलता येत नाही, फक्त बघता येतं. यूएन वेब टीव्हीवर लाईव्ह असतं. मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांनी मिळून बघा, ज्यांनी माहिती दिली त्या बायांनाही बोलवा, शेजारी बसून मराठीत सांगत राहा. २०२२ ला सरकारच्या बाजूने सॉलिसिटर जनरल तुषार मेहता होते, २०१७ ला अॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी. आपलं म्हणणं कुठल्याशा देशाच्या तोंडून ऐकताना एखादीच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला तरी बोलवाच. एकीने वही पेन घेऊन बसायचं आणि आपल्या विषयावर कोण काय बोललं ते लिहायचं.

मग सरकार घरी येऊन ठरवतं कोणत्या शिफारशी स्वीकारायच्या. नाही म्हणायचं असेल तर "नोंद घेतली" असं म्हणतात, इंग्रजीत नोटेड. हा निर्णय व्हायला तीन-चार महिने असतात, या महिन्यांत आमदार-खासदारांना, मंत्रालयाला पत्रं लिहा की ही शिफारस स्वीकारा, पेपरात लिहा. नंतर परिषदेच्या बैठकीत निकाल मंजूर होतो, भारताचा गेल्या वेळी मार्च २०२३ मध्ये झाला. तिथं इकोसॉक दर्जा असलेल्या संस्थांना बोलता येतं, सगळ्यांना मिळून २० मिनिटं, म्हणजे एकीला दोनच मिनिटं किंवा त्याहून कमी. तुमच्याकडे दर्जा नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना तुमचं एक वाक्य बोलायची विनंती करता येते.

आता ते २२१. असा स्वीकारलेल्या शिफारशींचा तक्ता हातात आला की आपल्या विषयाच्या काढा, मराठीत करा, मोठ्या टायपात एका पानावर छापा. एक प्रत कलेक्टरला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, एक साखर आयुक्तालयाला, एक गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला, एक राज्य मानवी हक्क आयोगाला, आणि प्रत्येकाकडून पोच. "भारत सरकारने अमुक तारखेला हे स्वीकारलंय, आपल्या जिल्ह्यात याबद्दल काय केलं ते कळवावं," एवढं एक वाक्य पत्रात. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने माहिती अधिकारात तेच विचारायचं. ही पत्रं एका फाईलीत लावत जा, कारण मध्ये, दोन-अडीच वर्षांनी, संस्थांना मिड-टर्म रिपोर्ट पाठवता येतो, कोणतं वचन पाळलं, कोणतं नाही, आणि ही फाईल असेल तर तो रिपोर्ट आठवड्यात तयार होतो, नसेल तर परत पहिल्यापासून.

आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याकडे परत जा. पट्टा पडून बाया गावी आल्या की एक संध्याकाळ काढा, ते मराठीतलं पान वाचून दाखवा, त्यांचं सांगणं कुठं कुठं पोचलं ते सांगा, आणि पुढच्या सीझनला निघताना दवाखान्याचे सगळे कागद एका कॅरीबॅगेत जपून ठेवायला सांगा, पुढच्या रिपोर्टला लागणार आहेत.